जोडीनेच प्रवेश

॥ ॐ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

धाराशिव,
पौष महिना, सोमवार (उपास)

तीर्थरूप मल्लम्माअक्कांच्या पायी धाकटी जाऊ कस्तुराबाईचं डोकं ठेवून नमस्कार.

तुमच्या श्रीनाथनं एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेली पिशवी पोचली. पोच देते ती अशी. शेंगदाण्याची चटणी एक डबा, शाबूत. करडईचं तेल एक बाटली, पाऊण शाबूत (राहिलेलं पाव डब्याच्या बाहेरून, कण्यांच्या आतून आणि खणाच्या काठावरून मिळालं). ज्वारीच्या कण्या, आता तेलकट. खण एक, त्याच्याबद्दल वर आलंच. येळवशीची (वेळ अमावस्येची) आंबील बाटलीत भरून पाठवायची कल्पना श्रीनाथचीच असणार, तुम्ही असं करणार नाही. तिचं बूच नळदुर्ग सोडताना उडालं. कंडक्टरनं पिशवीचं भाडं घेतलं नाही, पण मागच्या सीटवरच्या गृहस्थांचा सदरा धुवायचे म्हणून वीस रुपये घेतले. रिक्षाला चाळीस. म्हणजे साठ रुपयांत साठ रुपयांचा माल घरात आला, असं कुणी म्हणेल. पण तुमच्या हातच्या चटणीला बाजारात भाव नाही, म्हणून तो रकाना मी मोकळा सोडला आहे. यंदा येळवशीला शेतावर आले नाही त्याचा राग नसावा. एकटीनं यायचं, भज्जी खायची आणि एकटीनं परत जायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

तब्येत कशी आहे? गुडघा? आणि कानाचं? श्रीनाथनं लातूरहून आणलेलं यंत्र तुम्ही लुगड्यांच्या पेटीत ठेवलंय असं कळलं. त्यात शिट्टी वाजते हे खरं असेल, पण पेटीतल्या लुगड्यांना ऐकू येऊन काय उपयोग? तुम्हाला फोन करायचा तर मी काय बोलते ते पोचायच्या आत तुमचं "व्हय, व्हय" सुरू होतं. परवा मी विचारलं, जेवलात का? व्हय. थंडी हाय का? व्हय. मग राग येऊन विचारलं, मी मेले की काय? तरी व्हय, आणि वर "बरं झालं" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. कागदाला शिट्टी वाजत नाही.

इकडं मी ठीक आहे. सकाळी लिंगपूजा, दुपारी पारायण, संध्याकाळी दिवा. मधल्या वेळात घर. एकटीसाठी वरण करायचं तर डाळ पातेल्याच्या बुडालाच चिकटून राहते, वर येतच नाही. विरेश रविवारी पुण्याहून फोन करतो. "आई, काय विशेष?" म्हणतो. मी म्हणते, काही नाही. तो म्हणतो, बरं. एवढ्यात रविवार संपतो. हे गेल्यापासून टीव्हीच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी उत्तरं द्यायला लागले होते. तिनं भाववाढ सांगितली की मी इथले भाव सांगायची. त्या बाईचा काही दोष नाही, ती माझं नीट ऐकून घ्यायची. पण एक दिवस मी तिला "चहा टाकते, बस" म्हणाले, आणि मग माझी मलाच काळजी वाटली.

तर अक्का, मी सिनेमाला जायला लागले आहे. चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. तुम्हाला जुन्या टॉकीजात मशीन चालवणारे नबीलाल आठवत असतील. यांची त्यांच्याशी ओळख होती. ती टॉकीज बंद पडून जमाना झाला, आता तिथं लग्नाचं सामान भाड्यानं मिळतं. त्यांचा मुलगा समद पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि त्यानं सोयाबीनचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेऊन त्यात पडदा लावला. वडलांच्याच नावानं पाटी रंगवली, नबीलाल चित्रघर. दर शनिवारी चार वाजता एक सिनेमा, पुढच्या शनिवारी दुसरा. जे सिनेमे इकडं कुणी आणत नाही ते हा आणतो. जुने काळेपांढरे, लांबलांबच्या देशांतले, कुणी पाहिले नाहीत असे. दाराशी फळा आहे, त्यावर खडूनं सगळ्या महिन्याची यादी लिहितो. खुर्च्या साठ, त्यातल्या निम्म्या जुन्या टॉकीजातल्या लोखंडी. माणसं पंधरा, त्यातली चार उन्हाळ्यात पंख्यासाठी आलेली होती, ती आता येत नाहीत. भिंतींतून अजून सोयाबीनचा भुसा झडतो, त्यामुळं पडद्यावर कुणी रडायला लागलं की खाली सगळे शिंकतात.

समदचं म्हणणं असं की आपल्याकडं पुरुषमाणसं एकटी सिनेमाला येतात आणि बायका घरी राहतात. म्हणून त्यानं जोडी पास काढला. सहा महिन्यांचा, दोघांचा, आणि एकट्याच्या पासाहून थोडासाच महाग. अट एकच, ती पासावर मोठ्या अक्षरांत छापलीय: जोडीनेच प्रवेश. दारात दोन माणसं एकदम उभी राहिली तरच सोडतात, नाहीतर हीच पुरुषमाणसं स्वस्तात पास काढून बायकोला स्वयंपाकघरातच ठेवतील. दुसरं माणूस कोण असावं याची सक्ती नाही. बायको असो, आई असो, शेजारीण असो. मी तिथल्या तिथं हिशेब केला, माणशी जोडी पास स्वस्त पडत होता, काढला. घरी येऊन पास देवाजवळ ठेवला आणि मग लक्षात आलं की जोडीला माणूस कुठंय?

(समद भला आहे. "काकू, तुम्ही बसा की, तुम्हाला कोण अडवतंय," म्हणाला. मी म्हणाले, बाबा, नियम तू केलास, तो मोडायची सुरुवात माझ्यापासून नको. मग म्हणाला, पास बदलून एकट्याचा करून देतो, वरचे पैसे परत घ्या. त्याला तर मी साफ नाही म्हणाले. पैसे परत मिळत असताना मी नाही म्हणाले, यावरून तुम्ही काय समजायचं ते समजालच. नाही समजलात तर खाली येईल.)

तेव्हापासून माझं असं झालंय की शुक्रवार आला, मी माणूस शोधायला निघते. इतर बायका भाजी शोधतात.

पहिल्यांदा शेजारच्या दगडाबाईंना नेलं. त्या बेंबळीच्या, शेतावर चार वावरं पलीकडच्याशी बोलून बोलून आवाज तयार झालेला. सिनेमा बर्फाच्या देशातला होता. एक माणूस गाय घेऊन बर्फातून बाजाराला निघतो. चालतो. चालतो. आपण पदराचं टोक चावून पुन्हा वर बघावं, तरी चालतोच. खाली इंग्रजीत लिहून येतं. दगडाबाईंना मी मॅट्रिक झालेली माहीत, त्यामुळं "काय म्हणतोय वो त्यो?" सुरू झालं. अक्का, मॅट्रिकला इंग्रजीत मला पस्तीस होते आणि त्यातले काही मास्तरांच्या दयेचे होते. पहिला शब्द लावेपर्यंत ओळच निघून जायची. पण शेजारणीपुढं मॅट्रिकची लाज राखायची होती. मी सांगायला लागले. म्हणाले, त्याची बहीण आजारी आहे, तिच्या औषधासाठी गाय विकायला चाललाय. दगडाबाईंनी चुकचुक केलं. पुढच्या रांगेतल्या दोघी मागं वळल्या आणि "जरा जोरात सांगा की," म्हणाल्या. मग मी बहिणीचं सासर काढलं, सासू काढली, गाय माहेरची आहे हे काढलं. सोयाबीनच्या भुशाशिवाय लोक शिंकायला लागले, एवढं ते दुःखाचं झालं.

आणि मग तो माणूस गाय न विकताच घरी आला, आणि त्या बाईनं दार उघडलं, आणि त्यानं तिला जी मिठी मारली ती काही भावानं मारायची नव्हती.

दगडाबाई उभ्या राहिल्या. "कस्तुराबाई! भईन म्हणलाव की वो तुमी!" सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली, पडद्याकडं कुणीच नाही. मी मनात बसवण्णांचं नाव घेतलं आणि म्हणाले, सख्खी नव्हे, मामाची. "मंग चालतंय," म्हणून दगडाबाई खाली बसल्या. मागून एक म्हातारे बोलले, "मामाची आसंल तर हक्कच हाय की." सगळ्यांचं समाधान झालं. (नंतर समदनं खरं सांगितलं. ती त्याची लग्नाचीच बायको होती, दोघांचं बोलणं बंद होतं, एवढीच गोष्ट. मला माझीच बरी वाटली.) दगडाबाईंनी गल्लीभर माझी गोष्ट सांगितली, पण पुन्हा यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, एवढं चालून गाय कितीला मागितली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, असल्या सिनेमाला कशाला जायचं?

दुसऱ्यांदा वीरप्पाकाकांना धरलं. तुम्ही म्हणाल, चुलतसासऱ्यांना? पण यादीत देवाचा सिनेमा होता, जुना, काळापांढरा, आणि काकांना देवाच्या नावानं कुठंही नेता येतं. अडचण दारातच आली. जोडीनं उभं राहायचं, आणि मी आजवर काकांसमोर पाटावर बसलेली नाही, त्यांच्या शेजारी खुर्चीवर कशी बसू? शेवटी ते पहिल्या रांगेत आणि मी डोक्यावर पदर घेऊन पाचव्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला. समद म्हणाला, काकू, एवढ्या लांबची जोडी मी पाहिली नाही. मी म्हणाले, दारात जवळ होतो ना, मग झालं.

काका देवाकडं रिकाम्या हातानं जात नाहीत हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्यांनी पिशवीतून नारळ आणलेला. पडद्यावर महादेवाचं देऊळ दिसल्याबरोबर त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पुढं गेले, आणि पडद्याखालच्या लोखंडी पायावर नारळ फोडला. नारळ पहिल्या फटक्याला फुटला, हा शुभशकुन. पाणी विजेच्या बोर्डात गेलं, हा दुसरा भाग. देऊळ गेलं, महादेव गेले, पंखे गेले, गल्लीतली पिठाची गिरणीसुद्धा थांबली. अंधारात कुणाला काही सुचेना, तेवढ्यात काकांनी भजन धरलं. लोकांनी टाळ्या धरल्या. जो सिनेमा व्हायचा होता त्याहून ते भजन लांबलं. मी समदला म्हणाले, अर्धा सिनेमा बाकी राहिला, तो कुठं धरायचा? तो म्हणाला, "काकू, परसाद मिळाला न्हाय का?" खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातात होताच. काकांना ते चित्रघर इतकं आवडलं की दर शनिवारी नारळ घेऊन यायला तयार झाले. त्यांच्या सुनेनं मात्र मला निरोप धाडलाय की मामंजींना आता बाहेर नेऊ नये. मी तो निरोप मानला, एवढंच लिहिते, पुढचं तिनं काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

मग समदच म्हणाला, आमच्या अम्मीला घ्या की जोडीला. बिस्मिल्लाबी, म्हणजे नबीलालांच्या मालकीण. त्या चित्रघराच्या दाराशी चहा करतात. मी म्हणाले, त्यांनी तर सगळेच सिनेमे पाहिले असतील. तेव्हा कळलं की बिस्मिल्लाबींनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. जुन्या टॉकीजातही त्या चहाच करायच्या आणि इथंही. माणसं बाहेर पडायच्या वेळी आधण उकळलेलं लागतं, म्हणून शेवट जवळ आला की त्यांना उठावंच लागतं. मशीनवाल्याची बायको, अक्का, आणि कुणाचं लग्न झालं, कोण मेलं, कोण परत आलं, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. "मैं तो समझ लेती, सब अच्छाच हुआ होगा," म्हणाल्या.

त्या शनिवारी आम्ही दोघी जोडीनं आत गेलो. चांगल्या मऊ खुर्च्या धरल्या. त्यांनी मला पान दिलं, मी त्यांना शेंगदाण्याची चटणी (तुमची, मागच्या खेपेची) आणि भाकरी दिली, आणि पडद्यावर कोण कुणाचं याची आमची चर्चा चांगली रंगात आली. शेवट जवळ आला तशा त्या चुळबुळायला लागल्या. मी म्हणाले, तुम्ही बसा, चहा मी टाकते. मी बाहेर गेले, आधण ठेवलं, आलं ठेचलं. आणि आलं ठेचता ठेचता लक्षात आलं की आता शेवट मला दिसणार नाही, आणि जोडी पुन्हा दोन ठिकाणी. थोड्या वेळानं बिस्मिल्लाबी बाहेर आल्या, डोळे पुसत. मी विचारलं, काय झालं शेवटी? त्यांनी नुसता हात हलवला. "काय बी अच्छा नै हुआ," म्हणाल्या, आणि चहात दुप्पट साखर घातली. त्या दिवसापासून त्या म्हणतात, न बघितलेलंच बरं होतं. आता त्यांचा गुडघा धरलाय, थंडीत खुर्चीवर बसवत नाही. स्टुलावर बसवतं, म्हणून चहा तेवढा चालू आहे.

तर परवाचा शनिवार. दगडाबाई लेकीकडं तामलवाडीला. वीरप्पाकाका सुनेच्या पहाऱ्यात. बिस्मिल्लाबी स्टुलावर. मी गल्लीतल्या तिघींना विचारलं, एकीनं मुलाची परीक्षा सांगितली, एकीनं हळदीकुंकू, एक नुसती हसली. मी तरी गेले. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. फळ्यावर लिहिलं होतं, विनोदी सिनेमा. समदनं दार धरून ठेवलं. मी म्हणाले, जोडीला माणूस येतंय, तू दार लाव, सुरू कर. कुणी यायचं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

मी बाहेरच्या पायरीवर बसले. बिस्मिल्लाबींनी चहा दिला (पैसे घेतले नाहीत, मी ठेवून आले). गोदामाला पत्रे आहेत, त्यामुळं आतला आवाज बाहेर सगळा येतो. भांडी पडल्याचा आवाज आला. कुणीतरी धावलं. एक बाई काहीतरी ठसक्यात बोलली. मग आत सगळे खो खो हसले. आणि अक्का, मी पण हसले. बाहेर पायरीवर बसून, काय झालं ते न कळता, सगळ्यांच्या बरोबर हसले. मग पुन्हा हसले.

आणि मला तुम्ही आठवलात. तुमच्या आरोहीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी काहीतरी गंमत सांगितली, सगळा मांडव हसला, तुम्ही पण हसलात. नंतर मागच्या दारी तांब्या विसळताना मला म्हणालात, "कस्तुरे, म्या बी हसले. कशाला हसले, मला काय म्हाईत." त्यावर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. आता कळलं काय असतं ते. मला नुसता आवाज येत होता, चित्र नव्हतं. तुम्हाला चित्र येतं, आवाज नाही. आपण दोघी मिळून एक पूर्ण प्रेक्षक होतो, त्यातली एक तिकडं सास्तुरात आणि एक इकडं धाराशिवात.

नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेतला तंबू आठवतो का? माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. पुरुष पडद्याच्या पुढं आणि आपल्याला मागं बसवलेलं, त्यामुळं चित्र सगळं उलटं. तो नायक डाव्या हातानं जेवायला बसला तेव्हा मी घाबरून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, श्रीमंतांच्यात चालतंय. माझा पदर सासूबाईंच्या धाकानं नाकापर्यंत, पडद्याचा वरचा अर्धा भाग मला दिसतच नव्हता. माणसांचे पाय तेवढे दिसायचे. वरचं तुम्ही कानात सांगत होता. कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय, कुणाच्या मनात काय आहे. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्यातलं निम्मं तुम्ही रचून सांगत होता, कारण गोंधळात तुम्हालाही ऐकू येत नव्हतं. दगडाबाईपुढं मी जी विद्या चालवली ती तुमचीच, हे मी कबूल करते. फक्त तुम्ही कधी बहीण सांगून बसला नव्हता.

परवा सिनेमा सुटल्यावर समदनं फळा पुसून माघ महिन्याची यादी लिहिली. मी तिथंच उभी राहून वाचली. तिथं लिहिलंय, मुके सिनेमे. चारही शनिवार. मी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, काकू, फार पूर्वी सिनेमाला आवाजच नव्हता. माणसं तोंड हलवतात, हातवारे करतात, मधे एक पाटी येते, ती वाचायची. मी विचारलं, पाटी कोणत्या भाषेत? हिंदीत. किती वेळ थांबते? तो म्हणाला, तुम्ही दोनदा वाचाल एवढा वेळ. मी विचारलं, आणि वाजवणार काय? काहीच नाही, म्हणाला, मशीनच्या घरघरीशिवाय काही नाही.

अक्का, नीट बघा हं मी काय लिहिते ते. त्या दिवशी त्या गोदामात जेवढी माणसं बसतील त्या सगळ्यांना तेवढंच ऐकू येणार, जेवढं तुम्हाला येतं. कुणालाच एक शब्द जास्त नाही. कुणी हसलं तर ते जे दिसलं त्याला हसणार, आणि ते तुम्हाला दिसलेलंच असणार. माझ्यापेक्षा आधी दिसेल, मला मोतीबिंदू व्हायला लागलाय.

हे मी सहज लिहिलं. या वयात कुठं सिनेमे, हे तुम्ही म्हणणारच, आणि थंडी आहे, आणि श्रीनाथची म्हैस व्यायला आलीय. आग्रह नाही. सगळ्यांना नमस्कार, आरोहीला आशीर्वाद. तुमची बाटली घासून ठेवली आहे, तेलाचा वास जात नाही.

तुमची,
कस्तुरा

ता. क. खर्चाचं म्हणाल तर तो मी बघून ठेवला आहे. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे, आधार कार्ड तेवढं आणा. खुर्चीचे पैसे भरलेले आहेत. चहा बिस्मिल्लाबी देतील. राहायला घर मोठं आहे, फार मोठं आहे. या सगळ्यात तुम्ही न येण्यातच तोटा आहे.

ता. क. दुसरा. जोडी पास हिशेब करून काढला असं वर लिहिलंय ना, ते खरं नाही. हिशेब नंतर जुळवला. खिडकीवर समदनं विचारलं, काकू, किती? माझ्या तोंडून निघालं, दोन. आयुष्यभर एसटीच्या खिडकीवर, दवाखान्यात, जत्रेत, कुठंही विचारलं की मी दोनच म्हणत आले, हे खिशातून पैसे काढायच्या आत. बोलून झाल्यावर मी मागं वळून पाहिलं सुद्धा. समद यांच्या मातीला आला होता, त्याला सगळं माहीत. त्यानं मान खाली घालून दोनचा पास लिहिला, माझं नाव घातलं, दुसऱ्या नावाची जागा मोकळी ठेवली. म्हणून पास बदलायचा नव्हता. "एक" म्हणणं मला त्या खिडकीवर जमलं नाही, अजून जमत नाही.

ता. क. तिसरा. ती मोकळी जागा परवा मी समदकडून भरून घेतली. "मल्लम्मा" असं लिहिलंय, शाईनं लिहिलंय, आता खोडता येणार नाही. सोबत माझा पत्ता घातलेलं पोस्टाचं कार्ड ठेवलंय, आठ आण्यांचं आहे, वाया घालवू नका. फोन करू नका. फोनवर तुम्ही न ऐकताच व्हय म्हणता. एकदा वाचून म्हणा. त्या कार्डावर तेवढा एकच शब्द लिहा आणि उलट टपाली धाडा.